तेविसाव्या झऱ्याची नोंद

ताई, तुमच्या घरातली कामं काल संपली. दूधवाल्याला सांगितलं. रेशनकार्डावरचं नाव कमी करायचा अर्ज तुमच्या भाचीच्या सहीने दिला. शाळेच्या ग्रंथालयाची चार पुस्तकं तुमच्या उशाशी होती, ती परत केली. त्यातल्या एकाची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती, हे तुम्हाला शोभणारंच. मोगऱ्याची कुंडी शेजारच्या काकूंनी नेली. कागदावर अठरा कामं लिहिली होती, सतरांपुढे खूण झाली. अठरावं राहिलं आहे आणि ते तुमच्याशी बोलल्याशिवाय होणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्ही म्हणायचात, "यमदूत दारात आला तरी सुशीला त्याला सांगेल, आधी यादीत नाव आहे का बघून घ्या." ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणायचात, आणि मी तोंड वाकडं करून रजिस्टर पुढे ओढायची. यावेळी यादी मला कोणी दाखवली नाही, ताई. दाखवली असती तर मी त्यात काहीतरी चूक नक्की काढली असती.

अठरावं काम म्हणजे आपली झऱ्यांची वही. शाळेने ती तुमच्या स्मरणार्थ छापायचं ठरवलं आहे आणि येत्या सोमवारी ती छापखान्यात द्यायची आहे. एक्केचाळीस झरे, एक्केचाळीस नोंदी. त्यातली एक नोंद खोटी आहे. क्रमांक तेवीस. ती मी लिहिली, जाणूनबुजून लिहिली, आणि सात वर्षं तुम्हाला सांगितलं नाही.

सुरुवात तुम्हाला आठवत असेल का, कोण जाणे. तुम्हाला तारखा राजांच्या आठवायच्या, स्वतःच्या नाही. अडुसष्ट-एकोणसत्तरची गोष्ट असेल. मी शाळेत नवी क्लार्क, तुम्ही इतिहासाच्या बाई. एका शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही कापडी पिशवी माझ्या टेबलावर उलटी केलीत. बसची तिकिटं, लग्नपत्रिकांच्या पाठी, पुड्यांचे कागद, आणि सगळ्यांवर तुमचं ते उभं-आडवं अक्षर.

"हे झरे आहेत," तुम्ही म्हणालात.

"ही रद्दी आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच तर तुझ्याकडे आणली."

ते कागद लावायला मला पंधरा दिवस लागले. लावता लावता मी ते वाचत गेले. जमिनीतून आपोआप पाणी निघतं अशा जागा तुम्ही नागपूरच्या चहूबाजूंनी हुडकून काढल्या होत्या, आणि तिथं माणसं काय करतात ते लिहून घेतलं होतं. कुठं मूल झाल्यावर बाराव्या दिवशी बाळंतीण हळदकुंकू घेऊन पाण्याशी येते. कुठं नवी नवरी पहिली घागर झऱ्यावरूनच भरते. एका जंगलात गोंड लोक मोहाची पहिली फुलं पाण्यात सोडतात, तिथं मूर्ती नाही की दगड नाही. एका दर्ग्याच्या पायथ्याशी एकाच झऱ्याला एका कडेने हिरवी चादर आणि दुसऱ्या कडेने देवीचा शेंदूर. तुम्ही म्हणायचात, विहीर माणूस खणतो, तलाव माणूस बांधतो, पण झरा आपला आपण येतो; न मागता मिळालेल्या गोष्टीपुढे माणूस वाकतो, आणि ही पूजा सगळ्या देवांपेक्षा जुनी आहे.

"आधी पाणी," तुम्ही बसमध्ये बोटांवर मोजत सांगायचात. "मग पाण्याशेजारी एक गोटा. मग गोट्याला शेंदूर. मग त्याला नाव. मग नावाला देऊळ. भोसल्यांच्या काळात कोणी पायऱ्या बांधल्या, गोमुख बसवलं. थरावर थर. पण खालचं पाणी तेच."

"देवळाला भिंत, भिंतीला दार," मी पुढे चालवलं होतं, "आणि दाराला कुलूप. तेही एक थरच आहे ना, ताई?"

तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात. आपलं भांडण तिथून सुरू झालं.

दर एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की आपण निघायचो. झऱ्याचा खरा दम एप्रिल-मे मध्येच कळतो, पावसाळ्यात काय, गटारही वाहतं. माझ्या पिशवीत पत्र्याची बादली, दोरी, घड्याळ, दोन पेनं, फडकं. तुमच्या पिशवीत संत्री, चिवडा, आणि जे विसरायचं ते सगळं. तुम्ही बसस्टँडवर कधीच वेळेवर आला नाहीत. एकदा बस सुटत असताना तुम्ही रिक्षातून हात हलवत आलात. कंडक्टर मला म्हणाला, "काहून वं बाई, तुमच्या सासूबाई हायेत का ह्या?" तुम्ही धापा टाकत वर चढून त्याला म्हणालात, "सासू ही आहे. मी सून." सगळी बस हसली. मीही हसले, पण तिकिटं काढून झाल्यावर.

गावात पोचलं की कामं वाटलेली असायची. तुम्ही एखाद्या म्हातारीला गाठून पायरीवर बसायचात आणि ती बोलू लागायची. मी पाण्याखाली बादली धरायची आणि घड्याळ बघायची. बादली किती सेकंदांत भरली, तीनदा मोजायचं, मधला आकडा लिहायचा. तुम्हाला वाटायचं हे रुक्ष आहे. मला वाटायचं, पन्नास वर्षांनी कोणाला विचारायचं असेल की पाणी घटलं का, तर त्याला पूजेची गाणी पुरणार नाहीत.

आणि एक गोष्ट. कोणी तांब्या पुढे केला की तुम्ही तो आधी मला द्यायचात, मग त्याच तांब्याने तुम्ही प्यायचात. पहिल्या झऱ्यापासून शेवटच्यापर्यंत. माझं आडनाव तुम्हाला ठाऊक होतं, छप्पन साली आम्ही धम्म घेतला हेही ठाऊक होतं. तांब्याबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत. मीही नाही.

तुमच्या कागदांना मी रकाने पाडले. गाव, रस्ता, पाणी कुठून निघतं, बादलीचे सेकंद, दैवत, पूजेचा दिवस, नैवेद्य. शेवटचा रकाना मी तुम्हाला न विचारता घातला: कोणाला मनाई होती.

तो बघून तुम्ही चष्मा काढलात. "सुशीला, ही पूजेची वही आहे. फिर्यादीची नाही."

"पूजा कोण करत होतं ते लिहिता ना, ताई? मग लांब कोण उभं होतं तेही लिहा. ती माणसंही त्याच दिवशी, त्याच पाण्याशी होती."

"लोक तोंडं मिटतील. एकदा हा प्रश्न विचारलास की बाकीचं कोणी सांगणार नाही."

"मी शेवटी विचारीन. निघताना."

तसंच केलं. मी निघताना विचारायची, "आजी, इथं पानी कोनाले बंद होतं का?" कोणी म्हणायचं, "छे वं, कोनालेच नाही," आणि पदर सावरायचं. कोणी म्हणायचं, "होतं तवा, आता काही नाही रायलं." एका गावात एक म्हातारा हातातली काठी न उचलता म्हणाला, "तो काळा दगड दिसून राहिला ना? त्याच्या खाली त्यायचं." मी प्रत्येक उत्तर जसंच्या तसं लिहिलं. गोंडांचा झरा आणि दर्ग्याचा झरा, ह्या दोनच ठिकाणी 'मनाई नाही' असं लिहिता आलं. तुम्ही वाचायचात आणि चष्मा पुसायचात. मग सांगायचात, "तुझ्या भिक्षूंचेही विहार पाण्याजवळच असायचे. पवनीकडे जुन्या विटा सापडतात, बघ जाऊन." मी म्हणायची, "पाण्याजवळ राहिले असतील. पाणी अडवून राहिले नसतील." तुम्ही म्हणायचात, "तुला कसं माहीत?" आणि खरंच, मला कसं माहीत असणार. ह्या वादात आपण दोघी कधी जिंकलो नाही.

माझी आई यातलं काही ऐकायला नव्हती. ती गेली तेव्हा आपली वही अकराव्या झऱ्यावर होती. तिला मी एकदा सांगितलं होतं की शाळेतल्या एक बाई झऱ्यांच्या पूजा लिहून घेतात आणि मी त्यांना मदत करते. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पानी हे पानी आहे, बाई. पिवाचं, धुवाचं. त्याच्या पाया काहून पडाचं?" छप्पन सालानंतर तिनं एकाही पाण्याला हळद वाहिली नाही. त्याआधी वाहिली होती का, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

आता तेविसाव्यावर येते.

त्या वर्षीच्या यादीत तुम्ही नवं गाव घातलंत, कुहीच्या पलीकडचं. कोणीतरी तुम्हाला सांगितलं होतं की तिथं कातळातून बारमाही पाणी येतं, दगडी गोमुख आहे, साती आसरांची, म्हणजे पाण्यातल्या सात देवींची, पूजा आहे. तुमची यादी मी टाइप केली. गावाचं नाव टाइप करताना माझा हात थांबला, आणि मग चालू झाला. ते माझं आजोळ होतं, ताई. पहिलं बाळंतपण माहेरी, तसा माझा जन्म त्याच गावातला. दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत उन्हाळ्याची सुट्टी तिथंच. वडील नागपूरच्या गिरणीत होते, पुढे आजी गेली, मामा गाव सोडून गेला, आणि आमचं जाणं संपलं.

झऱ्याची व्यवस्था मला पाठ होती. गोमुखातून पाणी कुंडात. कुंडातून पन्हाळीने गुरांच्या दगडी डोणीत. डोण भरून वाहिली की ओघळ नाल्याकडे. आमची माणसं त्या ओघळाशी. म्हणजे आधी देव, मग गाव, मग गुरं, मग आम्ही. मे महिन्यात डोणीतून काही वाहायचं नाही. मग आई, आजी आणि वस्तीतल्या बाया घागरी घेऊन वाट बघत उभ्या राहायच्या, कोणाला दया येऊन ती वरून ओतेपर्यंत. मी जन्मले तेव्हा बाराव्या दिवशी आई हळदकुंकू घेऊन पाण्याशी गेली होती. गोमुखाशी नव्हे. ओघळाशी. गुरांच्या डोणीखालच्या चिखलाला तिनं हळद वाहिली. हे मला आजीनं सांगितलं होतं, अगदी कौतुकानं, लेकीचं सगळं रीतीनं केलं म्हणून.

हे सगळं मी तुम्हाला बसमध्ये सांगू शकले असते. कुहीपर्यंत तास-सव्वातास होता. तुम्ही संत्रं सोलून फोडी माझ्या हातावर ठेवत होतात. मी नाही सांगितलं.

तिथं पोचलो तर पायरीवर एक म्हातारी बसली होती, सुपात काहीतरी निवडत. तुम्ही तिच्याशेजारी बसलात. तिनं मला बघितलं, जरा जास्तच वेळ.

"तू कोनाची वं?" तिनं विचारलं.

"नागपूरची," मी म्हटलं.

"नागपूर त लय मोठं आहे."

"ऑफिसात काम करते. बाईंसोबत आली."

मी बादली घेऊन खाली उतरले. गोमुखाखाली बादली धरली, तीनदा मोजलं. चौदा सेकंद. मग बादली बाजूला ठेवली, दोन्ही हात गोमुखाखाली धरले आणि प्यायले. कोणी हाकललं नाही. तोंड धुतलं. पुन्हा प्यायले. पाणी थंड होतं, बस. एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी होईल, रडू येईल, राग येईल. काही झालं नाही. मी फक्त पाणी पीत राहिले.

आणि निघताना मी तो प्रश्न विचारला नाही.

विचारला असता तर म्हातारी खरं बोलली असती, किंवा खोटं बोलली असती. दोन्हींपुढे मला उभं राहायचं नव्हतं. खरं बोलली असती तर त्या घटकेला मी पुन्हा डोणीखाली गेले असते, तुमच्यादेखत. मला त्या एका दिवसापुरतं असं हवं होतं की मी फक्त पाणी मोजायला आलेली बाई आहे आणि हे पाणी सगळ्यांचं आहे, कायमचंच होतं. घरी येऊन मी शेवटच्या रकान्यात लिहिलं: 'मनाई नाही.' तीच शाई, तेच अक्षर. बाविसाव्याला जे खरं लिहिलं होतं त्याच्याच खाली.

परतीच्या बसमध्ये तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत. मला वाटलं ऊन लागलं. उमरेड नाका जवळ आला तेव्हा एकदम म्हणालात, "तुझा शेवटचा रकाना राहू दे. काढायला नको."

मी चकित झाले. पाच वर्षं भांडले होते त्यावर. "एकदम कसं काय, ताई?"

"तू चुकीचं लिहीत नाहीस. म्हणून राहू दे."

ताई, मी त्या वाक्याचा अर्थ माझ्या बाजूने लावला. घरी येऊन वाद जिंकल्यासारखी जेवले, आणि जेवल्यावर ती नोंद लिहिली. हे असं झालं. ज्या संध्याकाळी तुम्ही माझ्या रकान्यावर विश्वास ठेवला त्याच संध्याकाळी मी त्यात खोटं लिहिलं.

नंतर सांगायला सात वर्षं होती. प्रताप नगरच्या तुमच्या घरी मी महिन्यातून दोनदा येत होते, सीताबर्डीहून टाइपचे कागद घेऊन. तुम्ही चहा करायचात, साखर विसरायचात. मी प्रत्येक वेळी ठरवून यायची. प्रत्येक वेळी काहीतरी दुसरं काम निघायचं, आणि कामाच्या मागं लपायला मला चांगलं जमतं. शेवटचं आले तेव्हा तुम्ही खाटेवर होतात, आवाज बारीक झाला होता. स्वच्छ प्रत टाइप झाली होती, मी ती तुमच्या हातात दिली. तुम्ही पानं न उलटता विचारलंत, "काही राहिलं नाही ना गं?"

मी म्हटलं, "काही नाही, ताई. सगळं तपासलं."

तुम्ही मान हलवलीत. मग म्हणालात, "बरं."

ते "बरं" मी रोज ऐकते आहे.

तुम्ही गेल्यावर आठवड्याने शाळेच्या समितीची बैठक झाली. एक विश्वस्त वही चाळत म्हणाले, "सुशीलाबाई, काम फार उत्तम आहे. फक्त हा शेवटचा रकाना... बाईंच्या स्मरणाच्या पुस्तकात कटुता कशाला?"

मी म्हटलं, "रकाना बाईंनी मान्य केलेला आहे."

"तसं असेल तर सगळा नका ठेवू. एखादं चांगलं उदाहरण ठेवा. हे बघा, तेवीस नंबर. एवढं मोठं कुंड, आसरांचं स्थान, आणि 'मनाई नाही'. हे कसं शोभून दिसतं! असं ठेवा, बाकीचं गाळा."

सबंध रकान्यात खोटं असलेलं तेवढं एकच वाक्य त्यांना ठेवायचं होतं. मी म्हटलं, "बघते." माझ्या आयुष्यात मी कोणाला "बघते" म्हटलेलं नाही, ताई. मी "हो" म्हणते किंवा "नाही" म्हणते.

त्या दिवशी तुमच्या भाचीनं कागदांची पिशवी माझ्याकडे दिली. तीच कापडी पिशवी. त्यात तुमची स्वतःची छोटी वही निघाली, कोणाला काय विचारायचं राहिलं ते लिहिलेली. म्हणजे तुम्हीही यादी करत होतात आणि मला सांगितलं नाहीत! नऊ नंबरच्या झऱ्याच्या पुजाऱ्याला काय विचारायचं, सोळाव्याच्या पाटलाला काय. विचारून झालं की त्यापुढे वाकडीतिकडी खूण. एका पानावर पेन्सिलीने होतं: "२३. सुशीलाला विचारणे. घाई नाही."

पुढे खूण नव्हती.

मी ते पान हातात घेऊन तुमच्या रिकाम्या खोलीत बसले. तुम्हाला कसं कळलं? मी आजोळचं नाव कधी घेतलं नव्हतं. आणि कळलं होतं तर तुम्ही विचारलं का नाहीत? काही राहिलं नाही ना, असं विचारलंत, ते हेच होतं का?

परवा सकाळच्या बसने मी गेले. बादली, दोरी, घड्याळ, दोन पेनं. शेजारची सीट रिकामी होती. तिथं मी पिशवी ठेवली, आणि कोणी बसायला आलं की उचलायची.

म्हातारी होती, ताई. पाठ पार वाकली आहे, पण त्याच पायरीवर. मी तिच्यासमोर उभी राहिले.

"आजी, मी मागं आली होती. एका बाईंसोबत."

"हाव, माहीत आहे. सखूची पोरगी तू."

सखू माझ्या आईचं नाव. तीस वर्षांत त्या गावात कोणी उच्चारलं नसेल.

"तुमी ओळखलं होतं?"

"तोंड कुठी लपते का वं? मायचंच तोंड घेऊन आली होती तू. मनलं, सांगून नाही राहिली त आपन काहून सांगाव."

"मग बाईंना कोणी सांगितलं?"

"मीच त. तू खाली बादली धरून होती तवा." तिनं हातातलं सूप बाजूला ठेवलं. "मनलं, बाई, हे आमच्या खालच्या वस्तीच्या सखूची पोरगी दिसते. हिची माय त्या डोनीखाली उभी राहे. तुमच्या त्या बाईनं तुयाकडं पायलं. तू ओंजळीनं पानी पिऊन राहिली होती."

"मग काय म्हणाल्या त्या?"

"काय मनन? मनली, तिले पिऊ द्या."

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले आणि वही उघडली.

मग मी तो प्रश्न विचारला. सात वर्षं उशिरा, पण विचारला. "आजी, इथं पानी कोनाले बंद होतं का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, पदर सावरेल. तिनं सावरला नाही.

"तुले माहीत नाही का?"

"माहीत आहे. तुमच्या तोंडून लिहून घ्याचं आहे."

"लिव मंग. तुमच्या लोकायले बंद होतं. मी नवी नवरी होती तवा मीबी वरून ओतलं तुया मायच्या घागरीत. लांबून. शितोडा उडू नये म्हनून. अर्धं खाली सांडे. ती काही बोले नाही, घागर सरकवत राहे." तिनं गोमुखाकडे मान वळवली. "तुया मायनं गोमुखाले कधी हात लावला नाही."

"लावू दिला नाही," मी म्हटलं.

"हाव," ती म्हणाली. "लावू दिला नाही."

मी जसंच्या तसं लिहिलं. अक्षर नेहमीचं आलं. मग खाली उतरून बादली धरली, तीनदा मोजली. सतरा सेकंद. पाणी घटलं आहे, ताई. कोणाला तरी हे कळायला हवं.

निघायच्या आधी मी एक काम केलं जे माझ्या यादीत नव्हतं आणि जे मला पटतही नाही. आईला तर मुळीच पटलं नसतं. मी डोणीखाली गेले, जिथून ओघळ निघायचा तिथं. आता तिथं कोरडी माती आहे. बादलीत मोजलेलं पाणी मी त्या मातीवर ओतलं. पूजा म्हणून नाही. ती तिथं उभी होती म्हणून. तुम्ही असतात तर चष्मा काढून विचारलं असतंत, "आणि पूजा म्हणजे वेगळं काय असतं गं?" मी बसभर तुमच्याशी भांडत आले.

तुम्ही माझं खोटं सात वर्षं सांभाळलंत. घाई नाही, असं लिहून ठेवलंत, आणि घाई केली नाहीत. मला राग येतो ह्याचा. एकदा विचारलं असतंत तर मी रडले असते, आणि मग आपण चहा प्यायलो असतो, बिनसाखरेचा. आणि तरी मला समजतं. एका माणसाला पाणी पिऊ द्यायचं असेल तर मधे बोलायचं नसतं. ते तुम्हाला पहिल्या तांब्यापासून माहीत होतं.

विश्वस्तांना आज सकाळी सांगून आले. "बघते" नाही म्हटलं. रकाना राहील, सगळा राहील, तेविसावी नोंद बदलली आहे. ते म्हणाले, "अहो, पण टाइप झालेली प्रत..." मी म्हटलं, पान मी पुन्हा टाइप केलं आहे, आणि सोमवारी छापखान्यात मीच नेऊन देणार आहे.

तुमच्या छोट्या वहीतल्या पेन्सिलीच्या ओळीपुढे खूण केली. माझ्या अठराव्या कामापुढे अजून करायची आहे. ती हे लिहून झाल्यावर. बाकीच्या नोंदींत मी वस्तीचं नाव लिहिलं आहे, इथं मला तेवढं पुरेना. तुमच्याशिवाय केलेली ही पहिलीच नोंद, म्हणून तुम्हाला वाचून दाखवते. चूक असेल तर सांगा.

क्रमांक तेवीस. पाणी पश्चिमेच्या कातळातून, दगडी गोमुख. बादली, पूर्वी चौदा सेकंद, आता सतरा. दैवत साती आसरा. पूजा चैत्रात, आणि मूल झाल्यावर बाराव्या दिवशी. कोणाला मनाई होती: खालच्या वस्तीला. तिथल्या सखूला, माझ्या आईला.